खानदेशांतील धाब्याचीं घरें, त्यांची वार्षिक डागडुजी आणि दप्तरांचें रक्षण

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे आपण प्रथम त्यांतील शक पाहतों, मग अक्षर, मग मायना. तें दप्तर इतकीं वर्षें कोणत्या छपराखालीं राहिलें आणि तें छप्पर कोणी राखलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच प्रश्न आम्ही विचारणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खानदेशांतील खासगी घरांतून जे कागद व ज्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या, त्यांचे पहिले रक्षक संग्राहक नव्हेत. दर ज्येष्ठांत घरावर चढून चार पाट्या माती टाकणारा घरधनी आणि भिंती लिंपणारी घरधनीण हेच ते रक्षक होत. ही घरगुती विद्या लोपत चालली आहे, व तिच्यामागून कांहीं दप्तरेंहि गेलीं आहेत.

खानदेश म्हणजे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागलेला जुना जिल्हा. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा झाला. या तिन्ही जिल्ह्यांतील गिरणा, पांझरा व तापी यांच्या कांठचीं गांवें आमच्या दृष्टीसमोर आहेत.

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख वाचकांस परिचित आहेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व निकुंभवंशीय सोइदेव राजानें त्यास दान दिलें, असें त्यांत नमूद असून लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख विद्वानांपुढें आणला. शिळा राहिली, मठांत ज्या पोथ्यांवरून पाठ चालत असतील, त्या मात्र आपल्यापुढें नाहींत. शिळेस दरवर्षीं कोणी हात लावावा लागत नाहीं, कागदास व भूर्जास लागतो. आपल्या लेखकांस हें पुरतें ठाऊक होतें. पोथीच्या शेवटीं पोथीच स्वतःच्या तोंडानें तेल, पाणी, सैल बंधन व मूर्खाचा हात यांपासून रक्षणाची याचना करते, तो श्लोक आपण शेंकडों वेळां वाचला असेल. या चार शत्रूंपैकीं पाणी हें पोथीच्या धन्यास वेष्टनानें अडवतां येत नाहीं. तें छपरावरच अडवावें लागतें.

तें छप्पर कसें असे तें पाहूं. कोंकणांत शंभर इंचांहून अधिक पाऊस, म्हणून तेथें उतरतीं कौलारू घरें. खानदेशांत पाऊस सुमारें २० ते ३० इंच आणि उन्हाळा मात्र अति कडक. म्हणून येथें सपाट मातीचें धाबें. इतरत्र यासच माळवद म्हणतात. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा किलचांचा थर, त्यावर निंबाचा पाला अगर काड्या, आणि सर्वांवर हातभर जाडीची चोपलेली पांढरी माती. पाणी वाहून जावें म्हणून एका अंगास किंचित् उतार व त्या अंगाच्या कठड्यांतून बाहेर काढलेली पन्हळ. पहिल्या सरीबरोबर माती फुगते व बारीक भेगा आपोआप मिटतात. पुढचें पाणी पृष्ठावरून सरकून पन्हळींतून बाहेर पडतें. सारी युक्ति एवढीच आहे. परंतु ती एका वर्षापुरती आहे. उन्हाळ्यांत माती पुन्हां भेगाळते, वारा ती उडवून नेतो, गवताचीं मुळें तिच्यांत वाटा पाडतात, आणि चिमण्यांचीं घरटीं पन्हळ बुजवितात. म्हणून धाब्याचें घर हें एकदां बांधून संपणारें घर नव्हे; तें दरवर्षीं थोडें थोडें पुन्हां बांधावें लागतें.

या नित्याच्या कामाविषयीं आमच्या शास्त्रग्रंथांत काय सांपडतें? वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादि द्रव्यें द्रोणभर पाण्यांत आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवून, त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेलफळ वगैरे घालून तो लेप तापलेला असतांनाच देवालयें, प्रासाद, मूर्ति व भिंती यांस द्यावा, म्हणजे तो एक कोटि वर्षें टिकतो, असें आचार्य सांगतात. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या वळचणी व सांडपाणी यांचे नियम आहेत. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भूमीच्या पांच शुद्धींमध्यें झाडणें व सारवणें यांची गणना आहे. येथवर ठीक. परंतु ज्येष्ठांत धाब्यावर कोणती माती किती टाकावी, हें आमच्या वाचनांतील एकाहि ग्रंथानें सांगितलेलें नाहीं. कोटि वर्षें टिकणारा लेप ग्रंथांत आला. एक वर्ष टिकणारा गारा सासूनें सुनेस दाखविला.

तो गारा असा. पांढरी माती खळ्यांतील भुशाबरोबर पाण्यांत कालवून रात्रभर भिजूं द्यावयाची, दुसरे दिवशीं पायांनीं तुडवावयाची, मग त्यांत शेण घालून भिंतीस लिंपावयाची. भुशामुळें वाळतांना भेग पडत नाहीं. रोहिणी लागण्याच्या सुमारास प्रथम धाब्यावरील गवत मुळासकट उपटावयाचें, पन्हळ काढीने मोकळी करावयाची, उंदरांचीं व घुशींचीं बिळें खापऱ्या ठोकून बुजवावयाचीं, मग मातीचा पातळ थर देऊन चोपण्यानें चोपावयाचा. धाब्याचा कठडा आणि भिंत जेथें मिळतात तो कोपरा सर्वांत नाजूक, तेथें गारा बोटांनीं दाबून बसवावयाचा. मृग लागण्यापूर्वीं हें उरकलें पाहिजे. थर फार जाड झाला तर तुळया वांकतात. म्हणून कांहीं वर्षांनीं वरची जुनी माती खरवडून खालीं उतरवावयाची व तीच चाळून पुन्हां घ्यावयाची. यांतील बहुतेक काम घरचींच माणसें करीत. गवंडी व सुतार यांस तुळई मोडली तरच बोलावणें जाई.

आतां आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती सांगतांना आम्हांस संकोच होतो, परंतु ती टाळली तर या लेखास अर्थ राहणार नाहीं. तापीकांठच्या आमच्या मूळ घरांत मधल्या खोलीच्या फडताळांत पोथ्यांचें एक बासन होतें. आमच्या आई दरवर्षीं फडताळावरील कोपऱ्यांत गारा भरीत. त्यांच्यामागें तें काम आमच्याकडे आलें. आम्ही शाळेंत संस्कृत शिकविणारे. माती कालविणें हें आपलें काम नव्हे अशी आमची समजूत. बोटभर रुंदीची भेग दिसत असतां ‘गवंडी आला म्हणजे पाहूं’ असें म्हणत आम्हीं दोन उन्हाळे घालविले. तिसऱ्या वर्षीं मृगाच्या आधींच वळवाचा जोराचा पाऊस झाला. आम्ही सुटी संपवून परगांवीं गेलों होतों. परत येऊन बासन सोडलें तों आंतील एका पोथीचीं पानें एकमेकांस चिकटून तिची ढेप झालेली. वरचीं चार पानें वाचतां आलीं. तो धर्मशास्त्रावरील कांहीं निबंध असावा. पुष्पिकेंतील लेखकाचें नांव अर्धें उरलें, आणि जेथें शक असावयाचा तेथें शाईचा डाग. तो निबंध कोणता, कोणीं कोठें लिहिला, हें आतां कधींहि कळणार नाहीं. तें कळण्याचें मोल दोन मुठी गारा एवढें होतें.

पुढील वर्षीं आम्ही स्वतः शिडी लावून वर चढलों. अज्ञान असें कीं, शेतांतील चांगली काळीभोर माती आणवून ती पसरली. आठ दिवसांत तिला तळहाताएवढ्या भेगा पडल्या. शेजारच्या एका वृद्ध बाई खालून पाहत होत्या. त्या आमच्या अहिराणींत म्हणाल्या, ‘‘गुरुजी, काळी माटी वावरले, पांढरी माटी घरले.’’ काळी माती पाण्यानें फार फुगते व वाळतांना तितकीच आंकसते, म्हणून ती पिकास उत्तम व धाब्यास घातक. पांढरीत राख, चुनखडी व बारीक गाळ असल्यामुळें ती कमी भेगाळते. जमीनमहसुलाच्या कागदांत ‘काळी’ म्हणजे शेत व ‘पांढरी’ म्हणजे गांवठाण, हे शब्द आम्हीं मुलांस अनेकदां समजावून दिले होते. त्यांचा हा अर्थ आम्हांस साठी उलटल्यावर धाब्यावर बसून कळला.

येथें आणखी एक विचार सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या व्यवसायाशीं निगडित आहे. ही पांढरी माती येते कोठून? बहुधा उजाड गांवठाणांच्या टेकाडांतून. आणि तीं टेकाडें म्हणजे पुराणवस्तूंचीं कोठारें. गिरणेच्या कांठीं बहाळ येथें १९५२-५३ मध्यें, व तापी-गोमाई संगमावरील प्रकाशें येथें १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें १९६८ ते १९८३ पर्यंत झालेल्या उत्खननांत कुडाच्या भिंती व पुनःपुन्हां चोपून केलेल्या मातीच्या जमिनी एकावर एक आढळल्या. म्हणजे जमीन व भिंत दरसाल नवी करण्याची ही चाल तीन हजार वर्षांहून जुनी ठरते. परंतु तिचा दोषहि उघड आहे. ज्या मातीनें आमच्या आजोबांचे कागद राखले, तिच्याच उपशानें कित्येक टेकाडांचे थर विसकटले. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्थळीं असा उपसा निषिद्ध झाला आहे, व तें योग्यच आहे. डागडुजीसाठीं स्वतःच्या पडक्या भिंतींची अगर जुन्या धाब्याची माती चाळून घ्यावी. ती तितकीच उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे.

शब्दांकडे पाहिलें तरी हाच भेद दिसतो. ‘लिंपणें’ हा शब्द संस्कृत ‘लिम्पति’ यापासून सरळ आलेला, घरांतील बायकांच्या तोंडचा. ‘मरम्मत’ अरबी, ‘दुरुस्ती’ फारसी. हे कचेरीचे शब्द, पैका खर्ची पडला म्हणजे वहींत येणारे. म्हणूनच जुन्या जमाखर्चांत ‘इमारत’ या सदराखालीं चुना, लाकूड व सुताराची मजुरी आढळते. परंतु घरच्या माणसांनीं घरच्या मातीनें केलेल्या कामाची नोंद तेथें यावयाची नाहीं. ज्या श्रमानें ती वही टिकली, तो श्रम त्या वहींत नाहीं.

अर्थात् या उपायांस मर्यादा आहेत. १८७२ सालीं पांझरेच्या पुरानें धुळ्यांत घरेंच्या घरें वाहून नेलीं. तेथें मूठभर गारा काय करणार? परंतु दप्तरें पुरानें क्वचित् जातात, गळतीनें नेहमीं जातात. विसाव्या शतकांत धाब्यांच्या जागीं पत्रे, कौलें व पुढें सिमेंटची स्लॅब आली. घर मोडतांना फडताळांतील रुमाल रद्दींत गेले हें एक. जे राहिले ते पत्र्याखालच्या उष्णतेनें कडक होऊन घडीवर तुटूं लागले हें दुसरें. मातीच्या भिंतीस वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल आंतच कोंडते, गिलावा पोपडे धरून सुटतो, व भिंतीला लागून ठेवलेलें दप्तर दमट होतें.

कागदांस योग्य जागा मिळावी म्हणून आपल्या पूर्वसूरींनीं संस्था काढल्या. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, व पुढील वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें त्याच नगरांत वाग्देवता मंदिरांत एकत्र केलीं. परंतु सर्वच घरचे कागद संस्थेंत येत नाहींत, व धनी देण्यास राजी नसेल तर ते ओढून आणूंहि नयेत. अशा घरीं गेलेल्या संशोधकानें निदान चार गोष्टी कराव्या. रुमाल भिंतीपासून चार बोटें दूर व जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेववावा. त्यावरील छताचा कोपरा दिव्यानें पाहून भेग असल्यास धन्यास तेथल्या तेथें बुजवून दाखवावी. बासनांत वेखंड व वाळलेला निंबाचा पाला घालून दोरी घट्ट बांधावी. मातीच्या भिंतीस मातीचाच गिलावा द्यावा, असें सांगून यावें. यास अर्धा दिवस लागतो. ज्याच्या हातास माती लागलेली धनी पाहतो, त्याच्यापुढें तो पुढल्या खेपेस दुसरा रुमालहि सोडतो, असें आम्हीं दोन-तीन घरीं अनुभविलें आहे.

शेवटीं एक विनंति. ज्यांच्या संग्रहीं खानदेशांतील घरगुती खर्चाच्या वह्या असतील, त्यांनीं त्यांतील माती, चुना, पन्हळ, शाकारणी व लिंपण यांसंबंधींच्या नोंदी, कितीहि क्षुल्लक वाटल्या तरी, शक-मितीसह उतरून मंडळाकडे धाडाव्या. तसेंच ज्यांच्या घरीं अद्यापि धाबें आहे, त्यांनीं घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून त्यांची पद्धति लिहून ठेवावी. येत्या मृगापूर्वीं तें झाल्यास तें काम प्रत्यक्ष चालू असतांना पाहतां येईल. इत्यलम्.