अपुऱ्या डावाची वाटणी

दोन पक्षांनी पण लावून चेंडूचा खेळ आरंभावा, जो पक्ष प्रथम ६० गुण मिळवील त्याने पणाची सारी रक्कम घ्यावी असा करार व्हावा, प्रत्येक फेरीला १० गुण ठरावेत, आणि एकाचे ५० व दुसऱ्याचे २० गुण झाले असता काही कारणाने खेळ कायमचा थांबावा. अशा प्रसंगी त्या रकमेवर कोणाचा किती हक्क, हे कोडे लुका पाचोली या इटालियन मठवाशाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या विशाल गणितग्रंथात घातले. याच ग्रंथात त्याने व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धती सविस्तर वर्णिली होती, आणि खेळाच्या तंट्यावरचा त्याचा निवाडाही जमेकडे पाहणाऱ्या हिशेबनिसाचाच होता: ज्याचे जितके गुण जमा, तितका त्याचा हिस्सा, म्हणजे पाचास दोन.

हा निवाडा पुढच्या गणितज्ञांना मानवला नाही. जे खेळून झाले त्याच्याकडे न पाहता जे खेळावयाचे राहिले त्याच्याकडे पाहिले पाहिजे, हे कार्दानोने १५३९ मध्ये ओळखले, पण त्याचा हिशेब चुकला. तार्ताल्याने १५५६ मध्ये अशी शंका काढली की, एकाचे १० आणि दुसऱ्याचे शून्य असताना खेळ मोडला, तर पाचोलीच्या रीतीने पहिल्याने एकाच फेरीच्या बळावर सगळी रक्कम घ्यावी काय? त्याने स्वतःची एक रीत सुचविली खरी, परंतु असल्या फिर्यादीचा निकाल गणितापेक्षा न्यायासनाच्या अखत्यारीतला आहे, असेही त्याने लिहून ठेवले.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी ज्या तरुणाच्या हाती हे कोडे आले, त्याचे गणित घरातच वाढले होते. ब्लेझ पास्कालचा पिता एत्येन हा स्वतः गणितज्ञ. मुलांना त्याने शाळेत न धाडता आपणच शिकविले, आणि रुआँ येथे करांच्या आकारणीचे व वसुलीचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा आकडेमोडीचा त्याचा भार हलका व्हावा म्हणून या मुलाने विशीच्या आतच गणनयंत्राच्या रचनेस हात घातला. १६५४ साली शेव्हालिये द मेरे या खेळाच्या शौकीन गृहस्थाने पास्कालपुढे अपुऱ्या डावाचा प्रश्न टाकला, आणि पास्कालने त्यावर तुलूझ येथील पियेर द फेर्माशी पत्रव्यवहार मांडला. फेर्मा हा पेशाने न्यायसभेचा सभासद. तार्ताल्याने न्यायासनाकडे सोपविलेला तंटा गणिताच्या हद्दीत कायमचा आणण्यात अशा रीतीने एका न्यायाधीशाचाच हात लागला.

पास्कालची युक्ती साधी व मनोहर आहे. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली, तीन फेऱ्या प्रथम जिंकणारा विजयी, आणि दोनास एक अशा स्थितीत डाव मोडला असे समजा. पुढची फेरी पहिल्याने जिंकली असती तर ६४ नाणी त्याची होती. हरला असता तरी बरोबरी होऊन ३२ त्याच्या पदरात पडलीच असती. म्हणून ही ३२ निर्विवाद त्याची. उरलेल्या ३२ वर दोघांचा दावा समान, म्हणून ती निम्मी करावीत. वाटणी ४८ व १६. फेर्माने न खेळलेल्या फेऱ्यांचे सर्व संभव मोजून तेच उत्तर काढले. हीच दृष्टी पाचोलीच्या खेळाला लावली, तर एकास एक फेरी हवी आणि दुसऱ्यास सलग चार. दोघे तुल्यबळ धरले असता सोळा संभवांपैकी एकच मागे पडलेल्याच्या बाजूचा, आणि न्याय्य वाटणी पंधरास एक.

या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले, १६५७ मध्ये हायगेन्सने त्यावर पुस्तिका लिहिली, आणि आयुर्विम्याचे गणितही पुढे याच पायावर रचले गेले. खेळाच्या मैदानावर मात्र हा धडा पोहोचण्यास फार काळ लागला. २२ मार्च १९९२ रोजी सिडनी येथे क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असता पाऊस आला, आणि थांबल्यावर तत्कालीन नियमाने १ चेंडूत २१ धावांचे लक्ष्य तिच्या माथी बसले. डकवर्थ आणि लुईस यांची लक्ष्य ठरविण्याची जी रीत १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे प्रथम अमलात आली, तिने शिल्लक षटके आणि हाती असलेले गडी यांना मिळून मोल दिले. उरलेल्या संभवांवर हक्क ठरविण्याचे तत्त्व तेच.

म्हणून पावसाने सामना थांबला म्हणजे घरातील लहानथोरांनी पाचोलीचा प्रश्न मध्ये घेऊन बसावे, असे मला मनःपूर्वक वाटते. प्रत्येकाने आधी आपला निवाडा सांगावा. कोणी पाचास दोन म्हणेल, कोणी पुढे असलेल्याला सारेच देऊ करील, आणि प्रत्येकाजवळ आपल्या न्यायबुद्धीची कैफियत असेल. मग नाणे उडवून अपुरा डाव पुनःपुन्हा पुरा करावा आणि निकालांची नोंद मुलांनी ठेवावी. वडीलधाऱ्यांचा निवाडा चुकीचा ठरला, तर त्यांनी तो आनंदाने मागे घ्यावा. कारण वय, मान आणि आवाज यांचा ज्यापुढे लाग लागत नाही अशी न्यायाची एक रीत आहे, हे मुलांना घरात शिकविण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.