फ्लॉरेन्स : जागेवर राहिलेली दौलत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

युरोपच्या सहलीला गेलेली मंडळी इटलीत पोचली की रोमला दोन दिवस देतात, व्हेनिसला एक, आणि मध्येच कुठंतरी फ्लॉरेन्सला अर्धा दिवस. बसमधून उतरायचं, मोठ्या घुमटापुढं फोटो काढायचा, चौकातला डेव्हिडचा पुतळा पाहायचा, सोनारांच्या पुलावरून एक फेरी मारायची आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. पण गंमत अशी, की चौकातला तो डेव्हिड मूळचा नव्हेच! मायकेलअँजेलोनं घडवलेला पुतळा १५०४ साली तिथं उभा राहिला खरा, पण ऊन-पावसानं तो झिजू नये म्हणून १८७३ मध्ये अकादेमियाच्या इमारतीत हलवला गेला. चौकात आज दिसते ती १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती. घुमटासमोरच्या बाप्तिस्मागृहाचे गिबर्टीनं केलेले सोनेरी दरवाजेही तसेच. अस्सल दरवाजे शेजारच्या संग्रहालयात आहेत आणि दारावर आहे ती नक्कल.

सुमारे साडेतीन लाख वस्तीच्या या गावात एवढी कलासंपत्ती निर्माण कशी झाली, हे आपण पुष्कळदा ऐकतो. ती तिथं टिकली कशी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज थोडं त्याविषयी बोलू.

आधी निर्मितीची गोष्ट थोडक्यात. लोकरीच्या कापडाचा व्यापार आणि सावकारी यांवर हे शहर श्रीमंत झालं. त्या पैशातून १२९६ मध्ये मोठ्या चर्चचं बांधकाम सुरू झालं. भिंती उठल्या, पण वर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच उमजेना. सुमारे ४५ मीटर रुंदीच्या पोकळीखाली लाकडी आधार तरी किती उभारणार? शेवटी फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या, मूळच्या सोनारकाम शिकलेल्या माणसानं ते काम अंगावर घेतलं. त्यानं एकात एक असे दोन घुमट रचले, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या गुंफल्या आणि जमिनीपासून लाकडी सांगाडा न उभारताच १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत घुमट पुरा केला. दोन्ही घुमटांच्या मधल्या वाटेनं ४६३ पायऱ्या चढून आजही वर जाता येतं. पाय चालणार असतील तर ही चढण चुकवू नये.

पुढं मेदिची नावाच्या सावकार घराण्याच्या हाती सत्ता आली. चित्रकार, मूर्तिकार, विद्वान यांना या घराण्यानं तीनशे वर्षं आश्रय दिला. त्यांचा कारभार चालावा म्हणून वसारीनं १५६० मध्ये एक लांबलचक इमारत बांधायला घेतली. तिचं नाव उफिझी, म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर कचेऱ्या! वरच्या मजल्यावर घराण्याचा चित्रसंग्रह मांडला गेला आणि काळाच्या ओघात कचेऱ्या गेल्या, चित्रं राहिली. आज बोत्तिचेल्ली, लिओनार्दो, राफाएल, तिशियन यांची चित्रं पाहायला लोक तिथंच रांगा लावतात.

आता खरी गोष्ट. १७३७ च्या जुलैमध्ये घराण्याचा शेवटचा पुरुष, जान गास्तोने, निपुत्रिक वारला. युरोपातल्या मोठ्या सत्तांनी आधीच आपसांत ठरवलं होतं, की हे राज्य लोरेनच्या फ्रान्सिसकडं जायचं. हा फ्रान्सिस ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाचा नवरा. त्याचं सारं लक्ष व्हिएन्नाकडं. म्हणजे राजवाड्यातलं सामान उचलून तिकडं नेलं असतं तर अडवणारं कोण होतं?

अडवलं ते जान गास्तोनेच्या बहिणीनं. तिचं नाव आना मारिया लुईझा. तिचं सासर जर्मनीत होतं. मूलबाळ नव्हतं. नवरा वारल्यावर ती १७१७ मध्ये माहेरी परतली होती. वयाच्या सत्तराव्या वर्षी तिच्या हाती सैन्य नव्हतं, राज्यही नव्हतं. घराण्याची खाजगी मालमत्ता मात्र तिच्या वारशानं आलेली होती. ३१ ऑक्टोबर १७३७ च्या करारानं ती सगळी तिनं नव्या राजघराण्याला देऊन टाकली. पण एक अट घातली. चित्रं, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर यांतलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही. कारणंही लिहून ठेवली. ही संपत्ती राज्याची शोभा आहे, लोकांच्या उपयोगाची आहे, आणि परदेशी लोकांना इथं यावंसं वाटेल ते तिच्यामुळंच. पर्यटन हा शब्द कुणी वापरत नव्हतं त्या काळात एका बाईनं हे ओळखलं होतं!

या अटीची किंमत कळायला शेजारच्या शहरांकडं पाहावं लागतं. मांतुआच्या राजांनी १६२७-२८ मध्ये आपला संग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. पुढं चार्ल्सचा शिरच्छेद झाला, संग्रह लिलावात निघाला आणि त्यातली काही चित्रं आज पॅरिसला आहेत, काही माद्रिदला. उर्बिनोची चित्रं तर खुद्द फ्लॉरेन्सलाच आली. आना मारियाची आजी ही उर्बिनोच्या राजघराण्याची शेवटची वारस. तिच्याबरोबर माहेरची दौलत इकडं आली. घराणं संपलं की गावाचं काय होतं, हे आना मारियानं आपल्या घरातच पाहिलं होतं.

करार शंभर टक्के पाळला गेला असं नाही. मेदिचींचा तो प्रसिद्ध पिवळा हिरा व्हिएन्नाला गेलाच. पण बाकीचा फार मोठा भाग जागेवर राहिला. १७४३ मध्ये ती वारली आणि १७६९ मध्ये उफिझीचे दरवाजे सर्वांसाठी उघडले.

कागद चोरीपासून वाचवील, पण युद्ध आणि पाण्यापासून नाही. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं आर्नो नदीवरचे सारे पूल उडवले. राहिला तो एकटा १३४५ चा जुना पूल, तोच सोनारांचा. सांता त्रिनिता पुलाचे दगड लोकांनी नदीतून वेचून काढले आणि १९५८ पर्यंत तो पूर्वीसारखा पुन्हा उभा केला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला महापूर आला. काही ठिकाणी सहा मीटरांपर्यंत पाणी चढलं, त्यात चिखल आणि तेल मिसळलेलं. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या दहा लाखांहून अधिक ग्रंथ-कागदांचं नुकसान झालं. देशोदेशींचे तरुण धावून आले आणि हातोहात पुस्तकं बाहेर काढू लागले. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, चिखलातले देवदूत. सांता क्रोचे चर्चमधला चिमाबुएचा रंगवलेला क्रूस त्या पुरात पार खरवडून निघाला. तो दुरुस्त करताना गेलेला भाग नव्यानं रंगवून लपवला नाही. गेलं ते गेलं, हे दिसू दिलं. १९९३ च्या मे महिन्यात माफियांनी उफिझीच्या पाठीमागं बॉम्बस्फोट केला. पाच माणसं गेली, चित्रांचीही हानी झाली. गॅलरी दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

आता शेवटची जागा सांगतो. सहलीच्या कार्यक्रमात ती बहुधा नसते. गावाच्या पश्चिमेला कशिने नावाची मोठी बाग आहे. तिच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, एक छत्री आहे. छत्रीखाली रंगीत संगमरवरी अर्धपुतळा आहे, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. १८७० मध्ये ते विलायतेला गेले होते. परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. दहन ही तिथं अगदीच अनोळखी गोष्ट होती, पण गावानं खास परवानगी दिली आणि संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा नंतर त्यांनीच आखला.

शंभर वर्षांनंतर, १९७० च्या दशकात, जवळच नदीवर नवा पूल झाला. त्याला लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. या तरुण राजाशी त्या गावाचं ना नातं, ना देणंघेणं. तरी त्याची छत्री जागेवर आहे आणि पुलाच्या नावात त्याची आठवण आहे. फ्लॉरेन्सला गेलात तर घुमट पाहा, उफिझी पाहा, आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर संगमापर्यंत चालत जा. कोल्हापूरकरांनी तर जावंच.