सावत्र आई, कथेतली आणि कायद्यातली

मराठी मनातली सावत्र आई मुख्यतः पुराणकथांनी घडवली. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून हुसकावणारी सुरुची आणि रामाला वनवासाला धाडणारी कैकेयी कीर्तनांतून घरोघरी पोहोचल्या. इतिहासातल्या सोयराबाईंनाही याच साच्यात बसवले गेले. १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या निधनानंतर राजारामांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न झाला, हे खरे. पण त्यामागे अण्णाजी दत्तोंसारखे कारभारीही होते, हे लोककथा सोयीस्करपणे विसरते.

धर्मशास्त्राची नजर मवाळ होती. पितृतर्पणात सख्ख्या मातेबरोबर सापत्नमातेचेही नाव येते. दुसरेपणावर दिलेली मुलगी पहिलीच्या नावाचा टाक देवघरात पुजत असे. बाळंतपणात बायका दगावत, विधुर लगेच पुन्हा लग्न करत. त्यामुळे सावत्र नाते गावोगाव नेहमीचे होते.

पहिली बायको हयात असताना दुसरी आणली, तरीही हेच नाते निर्माण होई. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र तो कायदा लागू नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही तफावत मिटवली.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या मुलाची सख्खी आई पहिल्या वर्गातली वारस ठरते. सावत्र आई ‘वडिलांची विधवा’ म्हणून दुसऱ्या वर्गात, तीही सहाव्या क्रमांकावर.