सरहद्द ओलांडणारा धूर: दोन्ही पंजाबांची हवा एकमेकांना कशी बिघडवते? जाणून घ्या

अमृतसर भारतात, लाहोर पाकिस्तानात. दोन्ही शहरांत अंतर जेमतेम 50 किलोमीटर. मध्ये तारेचं कुंपण आहे आणि माणसाला पलीकडे जायला व्हिसा लागतो. धुराला मात्र कुणी अडवू शकत नाही. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही पंजाबांवर धुरकं पसरतं आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर 2024 मध्ये लाहोरचा हवा निर्देशांक 1000 च्या वर गेला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

धूर येतो कुठून?

भात काढला की लगेच गहू पेरायचा असतो. हाताशी जेमतेम तीन आठवडे मिळतात. हार्वेस्टरने कापणी झाल्यावर शेतात खुंट आणि काड उरतं. ते काढायला मजुरी परवडत नाही, म्हणून पेटवून देतात. महाराष्ट्रात उसाचं पाचट पेटवतात, तसाच हा प्रकार. त्यात भारतीय पंजाबने भूजल वाचवण्यासाठी 2009 मध्ये कायदा करून ठरलेल्या तारखेआधी भात लावायला बंदी घातली. लावणी लांबली, कापणी लांबली आणि काड पेटवण्याची वेळ थंडीच्या तोंडावर आली.

पण दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. काड काही आठवडेच जळतं. वाहनं, कारखाने, वीटभट्ट्या आणि कोळशावरची वीजकेंद्रं वर्षभर धूर सोडतात.

थंडीतच त्रास का वाढतो?

एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूरही वर नेते. थंडीत खाली गार हवा राहते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. वारा मंद असतो आणि उत्तरेला हिमालय आडवा असतो.

या धुरातले सर्वात घातक कण म्हणजे पीएम 2.5. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्यामुळे वाढतो. हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

कुणाचा धूर कुणाकडे?

जागतिक बँकेच्या 2023 च्या अहवालानुसार वारा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहतो तेव्हा भारतीय पंजाबातलं 30 टक्के प्रदूषण पाकिस्तानच्या पंजाबातून आलेलं असतं. ढाका, चितगाव आणि खुलना या बांगलादेशी शहरांतलं सरासरी 30 टक्के प्रदूषण भारतातून जातं. वारा फिरला की भारताचा धूर लाहोरकडे जातो. म्हणजे प्रत्येक देश धूर देतोही आणि घेतोही.

करार आहे का?

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळसह 8 देशांनी 1998 मध्ये माले जाहीरनामा मान्य केला. मात्र किती प्रदूषण कमी करायचं, याचं बंधन त्यात कुणावरच नाही. युरोपने वेगळी वाट धरली. तिथे 1979 मध्ये करार झाला. पुढे 1985 मध्ये गंधकाचं प्रदूषण 1993 पर्यंत किमान 30 टक्क्यांनी घटवायचं, असं सह्या करणाऱ्या देशांनी ठरवलं. सगळ्यांची मोजणी एकाच पद्धतीने होत असल्याने आकड्यांवरून भांडण उरलं नाही.

शेतापुरता एक उपाय हाताशी आहे. ‘हॅपी सीडर’ हे यंत्र काड न जाळता त्यातच गहू पेरतं. महाग असल्याने ते अनुदानावर किंवा भाड्याने घ्यावं लागतं.

हवा कशी तपासायची?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर देशातल्या केंद्रांचा हवा निर्देशांक दिसतो. 50 पर्यंत हवा चांगली, 200 च्या वर खराब आणि 400 च्या वर गंभीर. 200 च्या वर आकडा असेल तर दम्याचे रुग्ण, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी बाहेरची कष्टाची कामं टाळावीत.