हेल्मेटची लाज

क्रिकेटच्या इतिहासात १७ मार्च ही तारीख दोनदा येते आणि दोन्ही वेळा मैदान एकच, बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल.

पहिला १७ मार्च १९६२ सालचा. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर सलामीला आले. वय २८. चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. ते देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण कसोटी पुन्हा कधीच नाही. २१ वर्षांच्या पतौडींकडे कर्णधारपद आलं ते असं. कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी काढली गेली २०२२ मध्ये, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी.

दुसरा १७ मार्च १९७८ सालचा. ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप त्याच मैदानावर हेल्मेट घालून फलंदाजीला उतरला. कसोटीत हेल्मेट घालणारा तो पहिला. प्रेक्षकांनी काय केलं? हुर्यो उडवली.

मध्ये सोळा वर्षं गेली. ती का गेली, हा प्रश्न मला इतिहासातल्या सनावळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सामान नव्हतं म्हणावं तर मोटारसायकलवाले हेल्मेट घालतच होते. कल्पना सुचली नव्हती असंही नाही. इंग्लंडचे पॅट्सी हेंड्रेन १९३३ मध्येच लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांसमोर एक विचित्र टोपी घालून आले होते. दोन्ही कानांवर येणाऱ्या झापा आणि आत रबरी स्पंजचं अस्तर. ती त्यांच्या पत्नीने तयार केली होती. (घरच्या माणसांना धोका आधी दिसतो.) लोकांना तिची गंमत वाटली आणि विषय तिथेच संपला. पायाला पॅड बांधणारा फलंदाज भित्रा ठरत नव्हता. एल-गार्डबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही. डोक्याचं मात्र वेगळं. डोकं झाकलं की माणूस घाबरला, असा हिशेब.

या हिशेबाची किंमत आपल्या संघाने १९७६ मध्ये किंग्स्टनच्या सबीना पार्कवर पुन्हा मोजली. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला. ब्रिजेश पटेलच्या तोंडाला, विश्वनाथच्या हाताला दुखापत झाली. बिशनसिंग बेदींनी पहिला डाव सहा बाद ३०६ वर सोडला. दुसरा डाव ९७ धावांवर संपला तेव्हा बाद फक्त पाच होते, उरलेल्यांपैकी कोणी खेळण्याच्या अवस्थेत नव्हतं. धावफलकावर पाच वेळा ‘अनुपस्थित, जखमी’.

बदल आला तो पॅकरच्या सर्कशीतून. डिसेंबर १९७७ मध्ये अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूने डेव्हिड हूक्सचा जबडा मोडला. त्याच मोसमात डेनिस एमिस मोटारसायकलच्या धर्तीवर बनवलेलं हेल्मेट घालून खेळू लागला. एकाने घातलं, मग दुसऱ्याने, आणि काही वर्षांत न घालणारेच वेगळे दिसू लागले. आपल्या सुनील गावसकरांनी कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत मधला मार्ग काढला, टोपीखाली घालायची कवटीपुरती छोटी ढाल.

फलंदाजांचं असं झालं, पण शॉर्ट लेगला उभ्या राहणाऱ्याचं काय? आपल्याकडे या जागेचं दुसरं नाव एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा फलंदाजाच्या नाकासमोर उघड्या डोक्याने उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. त्या शौर्याच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो आणि त्या ऐकाव्यातच. पण त्याच जागेवर २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात रमण लांबा उभा होता. षटकाचे तीनच चेंडू राहिले होते. हेल्मेटचं विचारलं, तर तेवढ्यासाठी कशाला, म्हणून त्याने मागवलं नाही. फटका डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. वय ३८.

२०१४ मध्ये सिडनीला फिलिप ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होतं. चेंडू त्याखाली, मानेला लागला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला तो गेला. तीन दिवसांनी तो २६ वर्षांचा झाला असता. त्यानंतर मानेसाठी जोड-गार्ड आले, पण ऐच्छिक. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला तेव्हा त्याच्या हेल्मेटला गार्ड नव्हता. गुदमरल्यासारखं होतं, म्हणून त्याला तो नको असे. ऑस्ट्रेलियाने १ ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजीसमोर मानेचा गार्ड सक्तीचा केला. मग स्मिथनेही तो लावला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. सुरक्षेची सोय ‘हवी तर चालू करा’ अशी ठेवली की फारसं कोणी ती चालू करत नाही. आधीपासून चालूच ठेवली, तर बंद करण्याचे कष्टही कोणी घेत नाही. खेळाडूंचंही तेच. ‘नियमच आहे’ म्हटल्यावर मुलाला मित्रांसमोर भित्रं दिसायची भीती उरत नाही. इंग्लंडने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २००० सालीच हेल्मेटचा नियम केला तो यासाठीच मोलाचा.

हा सगळा इतिहास मी आताच का उगाळते आहे? कारण मेळाव्याच्या निधीतून शाळेला खेळाचं साहित्य द्यायचं ठरलं आणि यादी माझ्याकडे आली. आंतरशालेय सामन्यांना मी स्कोअर लिहायला बसायचे, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा किटमध्ये एकच हेल्मेट होतं, मोठ्या माणसाच्या मापाचं. ते डोळ्यांवर यायचं आणि आतला स्पंज घामाने कुजलेला. आपल्या ब तुकडीतल्या एकाच्या भुवईवर अजून टाक्यांची खूण आहे. त्या दिवशीही हेल्मेट पिशवीतच होतं.

ग्रुपवर बऱ्याच जणांचं म्हणणं इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड द्यावा असं आहे. त्यावर आपल्या बॅचचं नाव लखलखेल, हे खरं. पण त्या पैशांत तीन मापांची सहा हेल्मेटं, जाळी आणि मानेच्या गार्डसकट, येतात. शिवाय जोरात चेंडू बसलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं असतं, त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागेल. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबवत नाही. म्हणून डोक्याला लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हेही ठरवायला हवं. आयसीसीनेसुद्धा अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायला परवानगी दिली ती २०१९ मध्ये.

खेळाच्या सरांशी मी बोलले आहे. सीझन बॉल असेल तर हेल्मेटशिवाय फलंदाजी नाही, यष्टीजवळ पुढे येऊन कीपिंग नाही आणि शॉर्ट लेगला तर मुलं उभी करायचीच नाहीत, असा कागद ते किटच्या कपाटावर लावायला तयार आहेत. डोक्यांची मापं घ्यायला येत्या शनिवारी सकाळी मी शाळेत जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी टेप घेऊन या.