नकाशा कोणाच्या हाती?

मेडशीच्या गुरुजनहो, घर बांधताना आधी नकाशा, मग भिंत. संगणकाच्या कामातही तसेच करता येते: आपण आराखडा काढायचा, त्यावरून आज्ञावली यंत्राने लिहायची. पुण्यात 1981 साली टाटांचे संशोधन केंद्र निघाले. तेथल्या संशोधनातून 'मास्टरक्राफ्ट' हे विक्रीचे अवजार घडले. उलट, 2001 मध्ये आयबीएमने 'एक्लिप्स' सर्वांना खुले केले आणि त्यावर आराखड्याची खुली अवजारे उभी राहिली.

विकतच्या अवजाराला धनी असतो. अडले तर त्याला विचारावे. पण धन्याने दुकान मिटले, तर आपला आराखडाही आत अडकायचा. खुले अवजार गावविहिरीसारखे. पाणी सर्वांचे, पण गाळ काढायला कोणीतरी उतरलेच पाहिजे! तेव्हा अवजार कोणतेही घ्या, नकाशा मात्र आपल्या हाती ठेवा.