नांव सांगणारें घड्याळ

बोलणाऱ्यानें आपलें नांव आधीं सांगावें कीं शेवटीं सांगावें, याविषयीं निरनिराळ्या काळांतील रिवाज निरनिराळे आहेत. आमच्या अभंगकर्त्यांनीं आपली नाममुद्रा शेवटच्या चरणांत घातली. मराठेशाहींतील पत्रांत शिक्का माथ्यावर व मोर्तब अखेरीस होत असे, म्हणजे मजकूर कोठें सुरू झाला व कोठें संपला याबद्दल संशयाला जागा राहत नसे. रिवाज कोणताहि असो, ज्या शब्दामागें बोलणारा उभा नाहीं त्या शब्दाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न सर्वांनाच पडलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनतारी संदेश सुरू झाले आणि हा प्रश्न कागदावरून आकाशांत गेला. तेथें त्याला मिळालेलें उत्तर आज एका लहानशा पेटींत मावतें. त्या पेटीची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हौशी बिनतारी म्हणजे द्रव्यप्राप्तीकरितां नव्हे, तर विद्येच्या आवडीनें व परस्परसंवादाकरितां चालविलेला रेडिओचा व्यवहार. तो करणाऱ्यास सरकारकडून परवाना मिळतो व त्याबरोबर अक्षरें आणि अंक मिळून झालेलें एक संकेतनाम मिळतें. हीच त्याची आकाशांतील ओळख. अमेरिकेंतील नियम असा आहे कीं, संभाषण संपतांना, आणि तें चालू असेपर्यंत निदान दर दहा मिनिटांनीं एकदां, हें नांव सांगितलेंच पाहिजे. गप्पांच्या भरांत दहा मिनिटें केव्हां निघून जातात हें माणसाला कळत नाहीं, ही गोष्ट कोणाहि संसारी वाचकास सांगावयास नको. म्हणून हौशी लोक एक पेटी तयार करतात. ती वेळ मोजते, आणि वेळ भरत आली म्हणजे मालकाचें नांव मोर्सच्या खुणांत आपण होऊन वाजविते.

तारायंत्राच्या काळीं ही अडचण नव्हती. २४ मे १८४४ रोजीं मोर्सनें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला आपला प्रसिद्ध संदेश पाठविला, तेव्हां तारेचीं दोन्हीं टोंकें कोठें आहेत हें सर्वांस ठाऊक होतें. पुढें कट्ट-कडकट्ट ऐकण्यांत मुरलेले तारमास्तर तर केवळ हाताच्या लकबीवरून पलीकडे कोण बसला आहे हें ओळखीत. बिनतारी आली आणि टोंकेंच नाहींशीं झालीं. अमेरिकेंत १९१२ पूर्वीं हौशी मंडळींस परवाना लागत नसे; आपल्या नांवाचीं आद्याक्षरें, किंवा मनास येतील तीं दोन-तीन अक्षरें, हेंच त्यांचें नांव. दोघांनीं एकच नांव घेतलें तर तंटा तोडणारा कोणी नव्हता. आणि कोणीं खोडसाळपणानें जहाजांच्या संदेशांत ढवळाढवळ केली, तर जाब कोणाला विचारावा हेंच कळत नसे.

ही स्थिति टायटॅनिक जहाजाच्या अपघातामुळें बदलली असें सामान्यतः सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. बर्लिन येथें १९०६ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला होता, आणि त्याला अनुसरून कायदा करण्याची तयारी अमेरिकेंत आधींच चालू होती. तथापि १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं हिमनगावर आदळलेल्या त्या जहाजानें या तयारीस निकड आणली, हें नाकारतां येत नाहीं. टायटॅनिकचें संकेतनाम ‘एम् जी वाय्’ असें होतें. मध्यरात्रीनंतर त्याच्या प्रत्येक हाकेबरोबर हीं तीन अक्षरें जात होतीं, आणि या अफाट काळोखांत बुडत आहे तें कोण, हें तेवढ्यावरून दूरच्या जहाजांना समजत होतें. पुढें १३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेचा कायदा झाला. त्यानें हौशी मंडळींस परवाना व सरकारी संकेतनाम घेणें भाग पाडलें, आणि निरुपयोगी समजली जाणारी २०० मीटर व त्याखालील लहरींची जागा त्यांच्या पदरांत टाकली.

त्या टाकाऊ जागेचें त्यांनीं काय केलें याचा दाखला डिसेंबर १९२१ मध्यें मिळाला. अमेरिकन हौशी मंडळींनीं पॉल गॉडली यास स्कॉटलंडमध्यें अर्ड्रॉसन येथें पाठविलें. तेथें समुद्रकांठीं तंबूंत बसून, कडाक्याच्या थंडींत, तो रात्रीमागून रात्री ऐकत राहिला. खरखरींतून कनेक्टिकटमधील ‘१ बी सी जी’ हें नांव त्याला स्पष्ट ऐकूं आलें, व पुढें त्या केंद्राचा संपूर्ण संदेशहि उतरून घेतां आला. हौशी माणसांनीं लघुलहरींवर महासागर ओलांडला हें सिद्ध झालें. परंतु सिद्ध कशानें झालें? त्या नांवानेंच. नांवावांचून तो स्वर म्हणजे रात्रीच्या असंख्य शिट्ट्यांतील एक शिट्टीच ठरला असता. वॉशिंग्टन येथील १९२७ च्या परिषदेनंतर नांवाच्या आरंभीं देशाची खूणहि आली. हिंदुस्थानच्या हौशी मंडळींच्या नांवामागें लागणारीं ‘व्ही यू’ हीं अक्षरें त्याच व्यवस्थेंतील होत.

इतके दिवस नांव सांगणारा माणूस होता. १९६० नंतर अमेरिकेंत डोंगरमाथ्यांवर रिपीटर केंद्रें वाढूं लागलीं. खालून आलेला क्षीण आवाज घ्यावयाचा व तोच जोरानें दूरवर पाठवावयाचा, एवढें त्यांचें काम. तेथें माणूस नसतो. मग नांव कोणीं सांगावें? येथें यंत्राची गरज खरोखर उत्पन्न झाली. कांठावर लहानमोठे दांते कापलेलें एक चाक मोटरीनें एकदां फिरवावें, हा जुना उपाय. नंतर डायोडची जाळी आली: गणक एकेक पाऊल पुढें जाई, आणि ज्या पावलावर डायोड बसविला असेल तेवढ्यापुरता सूर निघे. पुढें नांव स्मृतिचिपांत साठविलें जाऊं लागलें, आणि आज तर बोटाच्या पेराएवढा सूक्ष्म संगणक हें सारें काम करतो.

मोर्सची लिपि आमच्या छंदःशास्त्राच्या अभ्यासकास लवकर उमगेल, कारण तिच्यांतहि लघु आणि गुरु हीं दोनच मापें आहेत. भेद एवढाच कीं आमचा गुरु दोन मात्रांचा, मोर्सचा तीन मात्रांचा. अक्षराच्या पोटांतील विराम एका मात्रेचा, दोन अक्षरांमधील तीन मात्रांचा व दोन शब्दांमधील सात मात्रांचा. वर सांगितलेलें टायटॅनिकचें नांव या हिशेबानें पस्तीस मात्रांचें होतें. यंत्रानें नांव सांगावयाचें तर मिनिटास वीस शब्दांहून अधिक वेग असूं नये, असा अमेरिकेंतील नियम आहे. त्या वेगानें एक मात्रा सेकंदाच्या शंभरांश सहा भागाएवढी होते. म्हणजे त्या प्रचंड जहाजाचें नांव सांगावयास दोन सेकंदांहून किंचित् अधिक वेळ पुरतो.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत आम्हीं ही पेटी विद्यार्थ्यांकडून जुळवून घेतली. वेळ मोजण्यास प्रथम ५५५ ही चिप योजिली. हॅन्स कॅमेन्झिंड यानें रचलेली ही चिप १९७२ पासून बाजारांत आहे व स्वस्त आहे. रोध व कपॅसिटरची धारिता यांचा गुणाकार १.१ नें गुणला म्हणजे वेळ निघते. दहा मिनिटांची मर्यादा चुकूं नये म्हणून साडेनऊ मिनिटें धरलीं. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला सुमारें ५ लक्ष १८ हजार ओहमचा रोध लागला. हिशेब बिनचूक होता, पण पेटी बारा मिनिटांनीं बोलली! एवढा मोठा कपॅसिटर फुटक्या घागरीप्रमाणें थोडा गळतो. भरतां भरतां गळाल्यामुळें तो उशिरां भरतो. अखेर घड्याळांतील क्वार्ट्झ स्फटिक घेतला. तो सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. त्याचे पंधरा वेळां निम्मे केले कीं नेमका एक सेकंद हातीं येतो. दुसरी खोड वापरांत कळली. केंद्रावर कोणी बोलत नसतांहि पेटी रात्रभर नांव घोकीत बसे. म्हणून बोलणें झालें असेल तरच नांव सांगावें, आणि बोलणें थांबलें असतां सांगावें, असा विवेक तिला शिकवावा लागला.

नांव सांगणें हें नेहमींच कर्तव्य असतें काय? महायुद्ध सुरू होतांच १९३९ सालीं हिंदुस्थानांतील हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टपासून मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला; १२ नोव्हेंबर रोजीं पोलिसांनीं तो पकडला. तो केंद्राचा ठिकाणा सांगत नसे, जागा पुनःपुन्हां बदलीत असे. तरी आपलें नांव आणि ४२.३४ मीटर ही आपली लहर मात्र सांगत असे. परकी सरकारपासून लपणाऱ्यालाहि ऐकणाऱ्यांपासून लपून चालत नाहीं. नांव कायद्याकरितां असतें हें खरें. पण त्याहून अधिक तें श्रोत्याकरितां असतें, असें आम्हांस वाटतें.

मोर्स येणें ही हौशी परवान्याची सक्तीची अट आंतरराष्ट्रीय नियमांतून २००३ सालीं निघाली, व अमेरिकेनें ती फेब्रुवारी २००७ मध्यें सोडली. यांतून एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली आहे. पेटी मालकाचें नांव ज्या भाषेंत सांगते ती भाषा मालकालाच येत नसण्याचा संभव आहे. चुकून एखादें अक्षर उलटसुलट झालें, तर आपण दुसऱ्याच कोणाच्या नांवानें बोलत आहों हेंहि त्याला कळावयाचें नाहीं. जाब मात्र पेटीला कोणी विचारीत नाहीं; परवाना माणसाचा आहे. म्हणून आम्हीं आमच्या प्रयोगशाळेपुरता एक नियम घातला आहे: जो विद्यार्थी पेटींत केंद्राचें नांव भरील, त्यानें तें आधीं स्वतःच्या हातानें, चावीवर, आमच्यासमोर वाजवून दाखवावें. गेल्या वर्षीं एकाला यास चार दिवस लागले. पांचव्या दिवशीं पेटी बोलूं लागली तेव्हां तो दुसऱ्या खोलींत होता. तेथूनच त्यानें ओरडून सांगितलें कीं तिसऱ्या अक्षरांत एक लघु कमी पडला आहे. आम्हीं तपासून पाहिलें. त्याचें म्हणणें खरें होतें.